सासऱ्यांचं गळू

आमच्या दवाखान्यात सकाळी नऊला केस पेपरची खिडकी उघडते, तेव्हा रांग फाटकाबाहेर गेलेली असते. सर्दीवाले, पोटदुखीवाले, पायात खिळा घुसलेले, नुसतं बीपी बघायला आलेले, आणि स्वतःला काहीच होत नाही पण शेजारीण निघाली म्हणून सोबत आलेले. नाशिक रोडच्या ह्या महापालिकेच्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं सिस्टर आहे. अख्खी वस्ती माझ्या हाताखालून गेली आहे. ज्या पोरींना मी शाळेत जायच्या वयाची लस टोचली, त्या आता कडेवर आपली पोरं घेऊन येतात आणि "ह्याला हळू टोचा हं सिस्टर" असं मलाच शिकवतात. एकच घर असं आहे, ज्यातलं माणूस माझ्या दवाखान्याची पायरी कधी चढलं नव्हतं. ते घर माझं स्वतःचं.

आमच्या घरात कुणाला शिंक आली, तरी ती घेऊन उड्डाणपुलाच्या पलीकडे जायची पद्धत होती. तिथे एका डॉक्टरांचा खाजगी दवाखाना आहे. आत एसी, बसलं की खाली जाणारा सोफा, भिंतीवर टीव्ही, आणि काचेच्या पेटीत केशरी मासे. माझे सासरे ह्या दवाखान्याचे जुने भक्त. "डॉक्टरच्या हाताला गुण हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता गुण नेमका कशाने येतो, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. सर्दी चार दिवसांत आपोआप जाते. माणूस तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो, सुई घेतो, आणि चौथ्या दिवशी डॉक्टरच्या हाताला गुण येतो. हे मी घरात एकदा बोलून दाखवलं. सासरे म्हणाले, "तुमच्याकडं सुई देत नायत म्हणून तू असं बोलते."

आम्ही खरंच उगाच सुई देत नाही. आमच्या डॉक्टरबाई गोळ्या लिहून देतात आणि पाणी उकळून प्या म्हणून सांगतात. पाणी उकळून प्या हे ऐकायला पूल ओलांडून कोण जाईल? पूल ओलांडून माणूस सुईसाठी जातो.

सासऱ्यांचा राग सरकारी दवाखान्यावर नव्हता, हे मात्र मला मान्य करायला हवं. ते हरसूलच्या बाजूच्या एका पाड्यावरचे. एकोणिसाव्या वर्षी नोटांच्या छापखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लहानपणी त्यांच्यासाठी सरकारी दवाखाना म्हणजे डोंगर उतरून चालत जायची जागा, आणि तिथे पोचल्यावर डॉक्टर मीटिंगला गेलेले असायचे. त्यामुळे त्यांच्या लेखी सरकारी दवाखाना ही मागे सोडून आलेली गोष्ट होती, जसं अनवाणी चालणं. आपण आता सोफ्यावर बसून आजारी पडणारी माणसं झालो, ह्याचा त्यांना अभिमान होता. हरसूलहून कुणी दुखणं घेऊन आलं, की ते इस्त्रीचा शर्ट घालून त्याला स्वतः पुलापलीकडे नेत. एकदा त्यांची आत्या गुडघे घेऊन आली होती. परत आली ती शिंकतच. "दवाखाना लय भारी हाय," ती म्हणाली, "पण लय गार हाय रे बाबा आत." गुडघ्यांचं कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

आणि मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? माझ्या मुलीच्या तोंडावर पिंपल्स आले, तेव्हा मी तिला गुपचूप कॉलेज रोडच्या स्किनवाल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दवाखान्यात सांगितलं, लग्नाला जायचंय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "जेवण कसं होतं?" मी म्हटलं, "साधंच होतं, पण पंगत फार लांबली." खरं तर ती पंगत वेटिंग रूममधल्या खुर्च्यांची होती. म्हणजे उपदेश करायला मी काही फार मोठी लागून गेलेले नाही. तरीही मनात एक गोष्ट सलत होती. मी घरातून डबा घेऊन कुठे जाते, तिथे दिवसभर काय करते, हे लग्नाला बावीस वर्षं झाली तरी सासऱ्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. "ती तिकडं सरकारीत हाय," एवढंच ते लोकांना सांगायचे. जणू मी तिथे भरती आहे.

तर ह्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी सासऱ्यांनी बसणं सोडलं.

आधी आमच्या लक्षात आलं नाही. टीव्हीवरच्या बातम्या ते उभ्याने बघायला लागले. चहा खिडकीशी उभं राहून प्यायला लागले. "बसून बसून माणूस गंजतो," असं त्यांनी आम्हाला सांगितलं. माझ्या नवऱ्याला कौतुक वाटलं. "बघ, ह्या वयात बाबा किती ॲक्टिव्ह," तो सोफ्यावर आडवा पडून म्हणाला. मी त्यांची चाल पाहिली आणि काय ते समजले. एकवीस वर्षांत मी असे चालणारे पुष्कळ पाहिलेत. गळू होतं, आणि ते कुठे होतं हेही मला चालीवरून कळलं.

आता पंचाईत अशी, की सुनेला सासऱ्यांना "बाबा, काही दुखतंय का?" इथपर्यंत विचारता येतं. त्यापुढे "दाखवा" म्हणता येत नाही. सासूबाई असत्या तर त्यांच्यामार्फत निरोपानिरोपी झाली असती, पण त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. मी नवऱ्याला म्हटलं, तू विचार. तो म्हणाला, "मी कशाला? नर्स तू आहेस." मी म्हटलं, "मुलगा तू आहेस." मग त्याने जेवताना, भाजीचं भांडं मागावं तशा आवाजात विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठे गळूबिळू झालंय का?" सासऱ्यांचा घास हातातच राहिला. उभ्यानेच जेवत होते. "मांडीला बारीक फोड हाय," ते म्हणाले. "डॉक्टरला दावलाय. त्याच्या हाताला गुण हाय."

अशा रीतीने गळू घरी मांडीवर आणि प्रत्यक्षात आपल्या जागी, असं दोन ठिकाणी राहू लागलं.

पुढचं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पुलापलीकडच्या डॉक्टरांनी दोनदा सुई दिली. मग चीर देऊन पू काढला आणि सांगितलं की रोज ड्रेसिंग करावं लागेल. ते काम त्यांचा कंपाउंडर करायचा. पण कंपाउंडर निफाडचा, त्याची स्वतःची द्राक्षाची बाग, आणि माल तोडायला आलेला. तो रजा टाकून गेला. दवाखान्यातले मासे सोडून माणूस जाऊ शकतो, तोडायला आलेली बाग सोडून नाही. डॉक्टर सरळ माणूस. ते म्हणाले, "बाबा, तुमच्या घराजवळ महापालिकेचा दवाखाना आहे. तिथे रोज जा. चांगलं करतात ते." सासऱ्यांच्या डोक्यावर वीज पडली असेल. एक तर सरकारी दवाखाना. त्यात सुनेचा. त्यात गळू तिथे.

पण माणूस छापखान्यात वाढलेला, कामाचा आराखडा करणारा. त्यांनी विचार केला. गुरुवारी सून लसीकरणाला अंगणवाडीत जाते. हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, कारण गुरुवारी मी लवकर निघते आणि भाजी परतलेली न मिळता नुसती उकडलेली मिळते. म्हणजे गुरुवारी गेलं तर सून नाही. ड्रेसिंग करणारा कुणीतरी बाप्या असणारच. काम होईल, आणि एकदा जखम कशी बांधतात ते बघून घेतलं की पुढचं घरी आरसा धरून करता येईल.

ह्या आराखड्यात दोन चुका होत्या. त्या गुरुवारी अंगणवाडीत रंगकाम निघालं आणि आमचं लसीकरण शुक्रवारवर गेलं. आणि आमच्याकडे ड्रेसिंग करणाऱ्या माणसाची जागा कित्येक महिने रिकामी आहे, ते काम मीच करते. दुसरी गोष्ट त्यांना माहीत असती, तर पहिल्या चुकीने काही बिघडलं नसतं. पण विचारायला नको का?

मी पडदा सारून ड्रेसिंगच्या खोलीत गेले, तेव्हा टेबलावर एक म्हातारबा आधीच पालथे पडून भिंतीकडे तोंड करून होते. मार्चच्या उन्हात माकडटोपी, वरून मफलर. मला वाटलं, थंडी वाजून आली असेल. केस पेपर उचलला. त्यावरचं नाव वाचलं आणि थबकले. ते नाव माझ्या सासऱ्यांच्या मामेभावाचं होतं, हरसूलच्या. नावासारखं नाव असू शकतं. पण गावही तेच लिहिलेलं. आणि चार वर्षांपूर्वी त्यांच्या दहाव्याला मी स्वतः हरसूलला जाऊन, जेवून आले होते. ज्यांचं पिंडदान झालं ते गृहस्थ माझ्यासमोर पडून हळूहळू श्वास घेत होते.

मग माझी नजर चड्डीकडे गेली. निळ्या पट्ट्यांची, नाड्याची. ती रोज सकाळी मीच दोरीवर वाळत घालते. नाडाही मीच ओवलेला, माझ्या जुन्या युनिफॉर्मच्या साडीचा काठ फाडून.

आधी हसू आलं, ते ओठ दाबून आत ठेवलं. लगेच मागोमाग राग आला, आणि तो काही आत राहीना. मेलेल्या माणसाचं नाव सांगायची तयारी आहे, पण सुनेचं नाव सांगायची नाही! "बाबा?" असं म्हणावं की काय? म्हटलं असतं तर ते टेबलावरून उठून चड्डी सावरत थेट घराकडे गेले असते आणि जखम तशीच राहिली असती. मी जखमेकडे पाहिलं. चीर देऊन सहा दिवस झालेले, तरी कडा लाल आणि आत ओल. चार दिवसांत जी सुकायला हवी ती अशी का राहिली, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. माझा राग तिथेच बसला आणि त्याच्या जागी भीती आली.

"अंग सैल सोडा आजोबा," मी म्हटलं. "थोडं झोंबेल."

दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी एरवी बाबाच म्हणते. पण बाबा म्हटलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. माझा आवाज ऐकला आणि त्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी मला ओळखलं, हे मला पाठीवरून कळलं. मी ओळखलंय, हे त्यांना "आजोबा" वरून कळलं असणार. मी कापूस औषधात बुडवला. मग ते भिंतीला म्हणाले, "जरा हळू करा सिस्टर."

मी हळू केलं. इतक्या हळू मी माझ्या मुलीचीही जखम कधी धुतली नसेल.

बांधून झाल्यावर विचारलं, "आजोबा, शुगर कधी तपासली होती?"

"तपासलीय. काय नाय."

"कधी?"

"रिटायर झालो तवा."

त्याला बारा वर्षं झालेली. मी त्यांचं बोट मागितलं. त्यांनी भिंतीकडचं तोंड न वळवता हात मागे केला. मशीनवरचा आकडा बघून मी दुसरी पट्टी घालून पुन्हा टोचलं. आकडा तसाच. मी केस पेपर घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी गोळ्या लिहिल्या, पथ्य लिहिलं, आणि म्हणाल्या, "रोज ड्रेसिंगला बोलवा ह्यांना. हे असंच राहिलं तर आत पसरेल. कोण आहे घरी बघायला?" मी म्हटलं, "आहे सून म्हणून कुणीतरी."

त्या दिवसापासून आमच्या घरात एक मुकं नाटक सुरू झालं. सकाळी दहा वाजता सासरे "जरा फिरून येतो" म्हणून टोपी-मफलर पिशवीत घालून निघायचे. सव्वादहाला ते मामेभाऊ होऊन रांगेत आणि मग माझ्या टेबलावर पालथे असायचे. "आज कसं वाटतंय आजोबा?" "बरं हाय सिस्टर." साडेअकराला ते घरी पोचलेले असायचे, पुन्हा सासरे होऊन. गुरुवारची वाट बघायची गरज आता राहिली नव्हती; उलट लसीकरणाच्या दिवशी मी अंगणवाडीतून परत येईपर्यंत ते बाकाशी थांबायचे. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

खरी मजा पथ्याची झाली. दवाखान्यात मी सिस्टर म्हणून सांगितलं, चहात साखर नको, भात कमी, नागलीची किंवा ज्वारीची भाकरी खा. पण घरी हे करणार कोण? सूनच. आणि सुनेला तर काहीच माहीत नाही! दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांनाच बिनसाखरेचा चहा दिला. नवरा पहिल्या घोटाला ओरडला, "ह्यात साखर नाही!"

"संपलीय," मी म्हटलं.

सासऱ्यांनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्याने चहा पिऊन टाकला. ते तक्रार तरी कशी करणार? मला का नाही साखर, असं विचारलं तर मी विचारणार, तुम्हाला का नको? तीन दिवस साखर "संपलेली" राहिली. भाताच्या जागी नागलीची भाकरी आली. "ही तर आमच्या पाड्यावरची भाकर," सासरे हळूच म्हणाले आणि दोन खाल्ल्या. नवऱ्याने चौथ्या दिवशी वाण्याकडून स्वतः साखरेची पुडी आणली आणि उशीखाली ठेवली. उशीला मुंग्या लागल्या.

एके दिवशी जेवताना सासरे भिंतीकडे बघत म्हणाले, "डॉक्टरचा कंपाउंडर लय बरा हाय. त्याचा हात हलका. कळूच देत नाय."

तो कंपाउंडर तेव्हा निफाडला द्राक्षं तोडत होता, हे त्यांनी सांगायचं कारणच नव्हतं. पण मला समजलं हे कुणाबद्दल आहे. माझे कान गरम झाले. बावीस वर्षांत माझ्या कुठल्याही कामाला मिळालेली ही पहिली पावती, आणि तीसुद्धा एका मिशीवाल्या माणसाच्या नावे.

"असं?" मी वाढता वाढता म्हटलं.

"हां. पण तोंड फार चालतं त्याचं. रागावतो."

"पेशंट ऐकत नसेल तर रागावणारच ना," मी म्हटलं. "काल म्हणे पेशंटने वाटेत गुळाचा खडा खाल्ला होता."

सासऱ्यांना ठसका लागला. नवऱ्याने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "तुम्ही दोघं कोणाबद्दल बोलताय?" त्याने विचारलं. मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

हसायची गोष्ट आहे, मी हसलेही. पण रोज पडद्याबाहेर आले की एक प्रकारचं वाईट वाटायचं. माझ्यापुढे एक माणूस विश्वासाने पडतो, मी सांगेन ते ऐकतो, आणि घरी गेलं की त्याच माणसाच्या लेखी मी पुन्हा "तिकडं सरकारीत" असलेली बाई. जखम भरत होती. आठव्या दिवशी तळाला छान गुलाबी मांस आलं. आता दोन दिवसांत ड्रेसिंग संपणार होतं, आणि मग मामेभाऊ पुन्हा वारणार, सासरे पुलापलीकडे जाणार, आणि गोळ्या बंद होणार, हे मला दिसत होतं. त्यांनी गोळ्या सोडायला नकोत, हे मला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक हवं होतं. एकदा तरी, चार माणसांत, त्यांनी मला ओळखावं.

नवव्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, शुगरच्या पेशंटची नोंद करायची आहे, म्हणजे दर महिन्याच्या गोळ्या इथून मिळतील. त्यासाठी आधार कार्ड लागतं. मी पडद्यामागे गेले. "आजोबा, उद्या येताना आधार कार्ड आणा." हे मी मुद्दाम केलं का? केलं. नियम होता म्हणून केलं, आणि नियम आहे हे बघून मला आनंदही झाला.

पाठ पुन्हा पहिल्या दिवसासारखी ताठ झाली. "आधार कार्ड..." ते भिंतीला म्हणाले. "घरी सापडत नाय ते."

"कपाटात वरच्या कप्प्यात असेल, विम्याच्या फाईलखाली," मी म्हटलं.

म्हटलं आणि जीभ चावली. बाहेर केस पेपरच्या ताई कुणाला तरी जागेवर बसा म्हणून ओरडत होत्या, तेवढंच ऐकू येत होतं.

"बघतो," सासरे म्हणाले.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

दहाव्या दिवशी मी मुद्दाम बाहेरच्या टेबलाशी बीपी घेत बसले, खिडकीजवळ. सव्वादहाला सासरे आले. माकडटोपी नव्हती, मफलर नव्हता. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. ते सरळ रांगेत उभे राहिले, माझ्याकडे न बघता. त्यांचा नंबर आला. आमच्या केस पेपरच्या ताई म्हणजे अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजाचं माणूस. त्यांनी कार्ड घेतलं, केस पेपर घेतला, आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

"आजोबा, कार्डावर नाव वेगळंय. हे केस पेपरवरचं नाव कोणाचं?"

"मामेभावाचं."

"मग ते कुठे आहेत? त्यांना आणा."

"वारले ते," सासरे म्हणाले. "चार वर्षं झाली."

रांगेत हशा पिकला. एका बाईने कपाळाला हात लावला. ताईंनी कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ नेलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "अहो सिस्टर, हे तर तुमचं आडनाव! पत्तापण तुमचाच. हे तुमचे कोण?"

मी उत्तर देऊ शकले असते. एका वाक्याचं काम होतं, आणि त्यांची सुटका झाली असती. मी दिलं नाही. बीपीच्या मशीनचा रबरी फुगा हातात धरून मी गप्प बसले. दुष्टपणा म्हणा हवं तर. पण ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून नको होतं मला.

ताईंना धीर नव्हता. त्यांनी स्वतःच हिशेब जुळवला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "सासरे का? अगं बाई! सिस्टर, दहा दिवस सासऱ्यांना रांगेत उभं केलंत? आतून नाही का घेता आलं? अशी कशी हो तुम्ही?"

आता अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. हशा थांबला. मघाशी कपाळाला हात लावलेली बाई शेजारणीच्या कानाशी लागली. एकवीस वर्षं मी ह्या लोकांना टाके घातले, त्यांची पोरं टोचली, आणि एका मिनिटात मी सासऱ्याला छळणारी सून झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच.

"तिनं नाय उभं केलं," सासरे म्हणाले.

आवाज मोठा होता. छापखान्यात यंत्रांच्या आवाजावर बोलायची त्यांना सवय आहे. ते खिडकीकडे पाठ करून रांगेकडे वळले. "माझी सून हाय ती. तिनं पयल्या दिवशीच वळखलं मला. मीच तिला वळख दाखवली नाय." मग जरा थांबून, हळू म्हणाले, "लय वर्षं."

ताईंनी खाली मान घालून नोंदवहीत खरं नाव लिहिलं, वय लिहिलं. "घरी गोळ्यांकडे कोण बघणार?" त्यांनी आता हळू आवाजात विचारलं. "कुणाचा फोन नंबर टाकू?"

"तिचाच टाका," सासरे म्हणाले आणि त्यांनी खिशातून आपला बटणांचा फोन काढला. नंबर शोधायला लागले. वर गेले, खाली गेले. चष्मा लावला, पुन्हा वरून सुरुवात केली. मुलाचा नंबर होता, नातीचा होता, पुलापलीकडच्या डॉक्टरांचा होता, गॅसवाल्याचा होता. माझा नव्हता. एका घरात बावीस वर्षं राहून त्यांना तो कधी लागलाच नव्हता. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा जो झाला, तो मला आता आठवतानाही नको वाटतो.

ते माझ्या टेबलाशी आले. "सांग तुझा नंबर," ते म्हणाले.

मी सांगितला. ते एकेक आकडा मोठ्याने म्हणत बटण दाबत होते, आणि ताई तिकडे लिहून घेत होत्या. दहा आकडे झाले. "लागतोय का बघतो," ते म्हणाले, आणि माझ्यापासून दोन हातांवर उभं राहून त्यांनी मला फोन लावला. माझ्या युनिफॉर्मच्या खिशात तो वाजला. बीपीला बसलेला माणूस म्हणाला, "घ्या सिस्टर, घ्या, मी थांबतो." मी फोन काढून कानाला लावला.

"हॅलो," माझ्याकडे बघत सासरे फोनमध्ये म्हणाले. "सिस्टर का? मी तुमचा सासरा बोलतोय."

"बोला बाबा," मी म्हटलं.